शवविच्छेदनाऐवजी सीटी स्कॅन : कितपत भरवसा ठेवावा?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी माझे चुलते, वय ५८, पहाटे विहिरीवरच्या मोटारीजवळ मृतावस्थेत आढळले. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची असल्यामुळे ते तीन वाजता दारे धरायला गेले होते. स्टार्टरच्या पेटीपासून हातभर अंतरावर ते पालथे पडले होते, कपाळावर मोठी खोक होती आणि पायाखालची जमीन ओली होती. पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवले, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला आणि मृतदेह जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेण्यात आला.

आमच्या आजीचा चिरफाडीला फार विरोध होता. चुलत्यांना आधीपासून रक्तदाबाचा त्रास असल्याने ‘झटकाच आला असणार, आता कापाकापी कशाला’ असे घरातील वडीलधारी मंडळीही म्हणत होती. दिल्लीच्या एम्समध्ये मृतदेह न फाडता स्कॅनवर शवविच्छेदन करतात, असे मी वाचले होते. त्या रुग्णालयात शवागारापासून जेमतेम पन्नास पावलांवर सीटी स्कॅनचे यंत्र आहे. म्हणून मी तेथील डॉक्टरांना विनंती केली. त्यांनी ‘तशी सोय नाही’ एवढेच सांगितले आणि मृतदेह रात्रभर तसाच राहून दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीच्या पद्धतीने शवविच्छेदन झाले. अहवालात ‘व्हिसेरा (म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेले आतील अवयवांचे नमुने) राखून ठेवला आहे, मृत्यूच्या कारणाबाबतचे मत राखून ठेवले आहे’ असे लिहिले आहे.

मला तक्रार करायची नाही. फक्त समजून घ्यायचे आहे की, त्या दिवशी स्कॅन झाला असता तर आम्हाला कारण कळले असते का, आणि तो अहवाल पुढे कायद्याने चालला असता का. शेतकरी अपघात अनुदानाचा अर्ज कारणावर अडून बसला असल्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही.

निवृत्त_न्यायवैद्यक

आपल्या चुलत्यांच्या निधनाबद्दल मनापासून वाईट वाटले. मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी तीस वर्षे घालवली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपण वाचले ते खरे आहे. एम्स दिल्लीमध्ये मार्च २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने ही सोय सुरू झाली. तिचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. बर्न विद्यापीठात रिचर्ड डिर्नहोफर, मायकेल थाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस सीटी, एमआरआय आणि शरीराच्या पृष्ठभागाचे त्रिमितीय मोजमाप एकत्र आणून ‘व्हर्टॉप्सी’ नावाचा प्रकल्प उभा केला. ‘व्हर्च्युअल’ आणि ‘ऑटॉप्सी’ (शवविच्छेदन) हे शब्द जोडताना ‘ऑटॉप्सी’मधील ‘ऑटो’ म्हणजे ‘स्वतः’ त्यांनी मुद्दाम गाळला. एका डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि लिहिले, एवढ्यावर सारे अवलंबून राहू नये, दुसऱ्यालाही दहा वर्षांनी तेच चित्र पुन्हा पाहता यावे, ही त्यामागची भूमिका होती. ती मला पूर्ण पटते. शवविच्छेदन एकदाच होते. मी एखादी फासळी नीट पाहिली नाही, तर अंत्यसंस्कारानंतर ती कोणालाच पाहता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सीटी स्कॅनला घनतेतील फरक दिसतो. हाड, धातू, हवा आणि साकळलेले रक्त यांची घनता आजूबाजूच्या ऊतींपेक्षा वेगळी असते, म्हणून अस्थिभंग, शरीरात अडकलेली गोळी किंवा छर्रे, मेंदूवरील रक्तस्राव आणि नको त्या जागी शिरलेली हवा या बाबी स्कॅनवर उत्तम दिसतात. काही ठिकाणी तर स्कॅन आमच्यापेक्षा सरस ठरतो. छातीच्या पोकळीत हवा साठून मृत्यू झाला असेल, तर छाती उघडताक्षणी ती हवा निघून जाते. म्हणून आम्ही छातीवरची त्वचा बाजूला करून खिसा तयार करतो, त्यात पाणी भरतो, पाण्याखाली सुरीचे टोक घालतो आणि बुडबुडे येतात का ते पाहतो. ही युक्ती प्रत्येक वेळी साधतेच असे नाही, आणि गर्दीच्या शवागारात ती करण्याची सवडही फारशी कोणाला नसते. स्कॅनमध्ये तीच हवा काळ्या पट्ट्यासारखी उघड दिसते. चेहऱ्याची हाडे आणि मणक्यांच्या मागील भागातील बारीक भंग यांचेही तसेच आहे. नेहमीच्या शवविच्छेदनात आम्ही तेथपर्यंत बहुधा पोहोचतच नाही.

याउलट हृदय हा स्कॅनचा कच्चा दुवा आहे. रोहिणीमध्ये चुना साठलेला दिसतो, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी तो पुष्कळांच्या रोहिणीत असतो आणि ते चालतेबोलते असतात. नुकतीच धरलेली गुठळी आणि मृत्यूपूर्वी तास-दोन तासांत झालेली हृदयस्नायूची हानी साध्या सीटीत दिसत नाही. मँचेस्टर आणि ऑक्सफर्ड येथे १८२ मृतदेहांचे आधी स्कॅन आणि नंतर शवविच्छेदन करून केलेली तुलना २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात सीटीवरून ठरवलेले मृत्यूचे कारण आणि शवविच्छेदनातील कारण यांत ३२ टक्के प्रकरणांत मोठी तफावत निघाली. ‘येथे शवविच्छेदनाची गरजच नाही’ असे क्ष-किरणतज्ज्ञांनी खात्रीने सांगितलेल्या प्रकरणांतही ती १६ टक्के होती, म्हणजे जवळपास सहात एक. निसटलेल्या कारणांत हृदयाच्या रोहिणीचा आजार, फुप्फुसात अडकलेली गुठळी आणि न्यूमोनिया ही प्रमुख होती.

पुढे लेस्टरच्या गाय रटी यांच्या गटाने मृतदेहाच्या रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून सीटी काढला. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या त्यांच्या अभ्यासात २१० पैकी १९३ प्रकरणांत कारण ठरवता आले. फुप्फुसातील गुठळी ओळखण्यात मात्र तेथेही शवविच्छेदनच पुढे राहिले, तर इजा आणि रक्तस्राव शोधण्यात स्कॅन पुढे होता. त्यासाठी नलिका, पंप, प्रशिक्षित माणसे आणि वेळ लागतो. आपल्या जिल्हा पातळीवर आज ते सर्व जुळून येणे अवघड आहे.

आपल्या चुलत्यांपुरते बोलायचे तर तेथे तीन शक्यता होत्या : विजेचा धक्का, हृदयविकार किंवा पडून डोक्याला झालेली इजा. स्कॅनने तिसरी शक्यता तासाभरात निकालात काढली असती, कारण कवटी फुटली आहे किंवा आत रक्त साठले आहे हे त्यात लपत नाही. दुसरीबद्दल त्याने फार तर संशय व्यक्त केला असता. पहिलीबद्दल तो गप्प बसला असता. विजेचा प्रवाह छातीतून जाताना हृदयाची लय बिघडवतो. हृदय नुसते थरथरत राहते आणि माणूस काही मिनिटांत जातो, पण यात कोणत्याही अवयवाची घनता बदलत नाही. खरे सांगायचे तर पोट आणि छाती उघडूनही विजेचा धक्का थेट ‘दिसत’ नाही. तो दिसतो त्वचेवर. बोटाच्या पेरावर किंवा तळहातावर डाळीच्या दाण्याएवढा, मध्ये खोलगट, कडेला उंचावलेला आणि राखाडी-पांढरट असा एक डाग असतो. काबाडकष्टाच्या हातावर, जुन्या घट्ट्यांच्या मध्ये तो शोधावा लागतो. मूठ आवळलेली असेल तर बोटे उलगडून पाहावी लागतात. हात ओला असेल तर डाग उमटेलच असे नाही. अशा वेळी बाकी कारणे नाहीत याची खात्री, घटनास्थळाचा पंचनामा आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल यांची सांगड घालूनच मत द्यावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी की, पीएम नोट्सची (शवविच्छेदनाच्या नोंदींची) प्रत आपल्याकडे असल्यास तिचा रकाना क्रमांक १७ वाचावा. आपल्या राज्यातील नमुन्यात बाह्य जखमांची नोंद तेथे असते. हातांविषयी त्यात काय लिहिले आहे, ते येथे कळवल्यास पुढे बोलता येईल.

छायाचित्रणी

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. वरील विवेचनात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. यंत्र पन्नास पावलांवर असले, तरी मृतदेहाचा स्कॅन वाचणारा माणूस तेथे असेलच असे नाही.

आमचे सारे शिक्षण जिवंत माणसाच्या चित्रांवर होते. शिकाऊ असताना मी पहिल्यांदा मृतदेहाचा स्कॅन पाहिला, तेव्हा दोन्ही फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागात पांढुरकी छाया दिसली आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने न्यूमोनिया असे लिहिले. आमच्या मॅडमनी एवढेच विचारले, ‘देह कसा ठेवला होता?’ तो उताणा ठेवला होता. रक्त आणि द्रव खालच्या बाजूला उतरले होते, एवढाच त्या छायेचा अर्थ होता. हृदयाच्या कप्प्यातही रक्ताचे थर पडतात. जड तांबड्या पेशी तळाला आणि पातळ भाग वर, अगदी ताक ठेवून दिल्यावर निवळी वर यावी तसे. महारोहिणीची भिंत जिवंत माणसापेक्षा पांढरी दिसते, मेंदूतील करडा आणि पांढरा भाग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, आणि उन्हाळ्यात एक रात्र गेली की यकृताच्या शिरांत वायू दिसू लागतो. हा वायू कुजण्याचा आहे की इजेमुळे आत गेलेली हवा आहे, हे ठरवायला सराव लागतो. आपल्या चुलत्यांचा देह रात्रभर तसाच राहिला असे आपण लिहिले आहे. शीतपेटी धड चालू नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनचा निम्मा उपयोग तेथेच संपला असता.

एमआरआयने स्नायूंतील आणि गळ्यातील मऊ भागांचे रक्तस्राव अधिक चांगले दिसतात, त्यामुळे गळा आवळल्याच्या संशयात त्याचा आधार घेतला जातो. मात्र देह शीतपेटीतून काढलेला असेल, तर थंडाव्यामुळे चित्रातील छटाच बदलतात आणि यंत्राची मांडणी त्यानुसार बदलावी लागते.

संपूर्ण शरीराचा बारीक कापांचा सीटी म्हणजे हजाराहून अधिक चित्रे होतात. बाहेर जिवंत रुग्णांची रांग असताना ती नीट पाहायला एक तास कोण देणार, हा प्रश्न आपल्याकडे यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील न्यायवैद्यक संस्थेने २००५ साली शवागाराचे स्वतःचे सीटी यंत्र बसवले आणि आलेला प्रत्येक देह आधी त्यातून जातो. तेथे स्कॅन पाहून कोणाचे पूर्ण शवविच्छेदन करायचे हे ठरते. २००९च्या व्हिक्टोरियातील वणव्यात १७३ माणसे गेली, तेव्हा जळालेल्या अवशेषांची ओळख पटवण्यात याच यंत्राची फार मदत झाली. मला हा क्रम योग्य वाटतो : आधी स्कॅन, मग गरजेप्रमाणे सुरी.

वकील_जिल्हा_न्यायालय

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. अशा मृत्यूंचा तपास पूर्वी दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असल्यास पोलीस अधिकाऱ्याने देह ‘तपासणीसाठी’ जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावा, असे त्यात म्हटले आहे. तपासणी कशी करावी, सुरीने की स्कॅनने, हे या कलमात कोठेही लिहिलेले नाही. त्यामुळे ‘स्कॅन बेकायदेशीर आहे’ असे कोणी सांगितल्यास ते बरोबर नाही. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे की, अशा प्रकरणात शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागत नाही आणि पद्धत निवडण्याचा अधिकारही त्यांना नाही. तो वैद्यकीय अधिकाऱ्याचा निर्णय आहे.

न्यायालयात डॉक्टरांचे मत तज्ज्ञाचे मत म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली येते. स्कॅनची चित्रे हा इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळणारा सांकेतिक आकडा) द्यावे लागते. हे जमण्यासारखे आहे. अडचण उलटतपासणीत येते. ‘डॉक्टर, आपण हृदय उघडून पाहिले का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की पुढचे दहा प्रश्न बचाव पक्षाला आपोआप सुचतात. विमा आणि अनुदानाच्या प्रकरणांत समोरचा पक्ष नेमके हेच करतो. स्कॅनमध्ये काही सापडले नाही, याचा अर्थ ‘मृत्यू नैसर्गिक’ असा लावण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि आपल्या बाबतीत तो अर्थ आपल्याच विरोधात गेला असता.

जाता जाता एक गोष्ट. सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली आहे. सोयी असलेल्या रुग्णालयांपुरती ती आहे आणि खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असल्यास, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, ती लागू होत नाही. तरीही रात्रभर ताटकळण्याचे कारण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

लेस्टरकर_पाटील

इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून इकडचा अनुभव लिहितो. येथे कॉरोनर हा अनैसर्गिक किंवा अस्पष्ट मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी निर्णय घेतो. ज्यू आणि मुस्लिम समाजांनी देह न फाडता लवकर ताब्यात मिळावा म्हणून बराच पाठपुरावा केला आणि त्यातून अनेक भागांत स्कॅनचा पर्याय मिळू लागला. काही ठिकाणी त्याचा खर्च कुटुंबाला करावा लागतो, तर लँकेशरमध्ये कॉरोनरच्या बहुतेक प्रकरणांत आधी सीटीच काढतात. गंमत म्हणजे याच लँकेशरमध्ये, नेल्सन या गावी, क्ष-किरणांचा शोध लागून वर्षही झाले नव्हते तेव्हा, १८९६ साली, गोळ्या लागलेल्या एका स्त्रीच्या डोक्याची छायाचित्रे मँचेस्टरच्या आर्थर शुस्टर यांच्या चमूने घेतली होती. छायाचित्राच्या एकेका काचेला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. गोळ्या कोठे आहेत ते कळले, पण ती वाचली नाही.

माझ्या शेजाऱ्यांच्या वडिलांचा स्कॅन झाला. दुसऱ्या दिवशी कॉरोनरच्या कचेरीतून दूरध्वनी आला की कारण स्पष्ट होत नाही, शवविच्छेदन करावे लागेल. घरच्यांना तो धक्का अधिक लागला, कारण त्यांनी मनाची तयारी वेगळी केली होती. स्कॅन सुचवताना ही शक्यता आधीच सांगायला हवी होती, असे मला वाटते.

माळरान

सर्वांचे आभार. निवृत्त डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री पीएम नोट्स काढून वाचल्या. रकाना १७ मध्ये दोन नोंदी आहेत. पहिली कपाळावरच्या जखमेची असून पुढे ‘कवटीचा भंग नाही, मेंदूवर रक्तस्राव नाही’ असे लिहिले आहे. दुसरी नोंद आम्ही कोणीच आजवर वाचली नव्हती. ‘उजव्या तर्जनीच्या आतील बाजूस ०.५ सें.मी. × ०.४ सें.मी. आकाराचा खोलगट, राखाडी डाग, कडा उंचावलेल्या; त्वचेचा तुकडा तपासणीसाठी राखून ठेवला’ असे त्यात आहे. चुलते पेटीचे बटण त्याच बोटाने दाबत असत. हृदयाबाबतही ‘ऊती-परीक्षणासाठी पाठवले’ असा शेरा आहे. आता यापुढे काय करावे?

निवृत्त_न्यायवैद्यक

ज्यांनी हे शवविच्छेदन केले, त्यांनी हात काळजीपूर्वक पाहिले आहेत, हे प्रथम नमूद करतो. आपल्याशी ते तुटक बोलले असतील, पण काम त्यांनी केले आहे.

त्वचेच्या त्या तुकड्याचा सूक्ष्मदर्शकाखालील अहवाल वेगळा येतो. विजेच्या डागात बाह्यत्वचेच्या पेशींची केंद्रके लांबट होऊन एका दिशेने विंचरल्यासारखी दिसतात. तारेतील तांब्याचे कण सापडल्यास त्याला दुजोरा मिळतो. हृदयाच्या ऊती-परीक्षणाने हृदयविकाराचा, म्हणजे दुसरा प्रश्नही सुटण्यास मदत होईल. व्हिसेऱ्याचा अहवाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडून येईल आणि तो विषापुरता असेल. त्याची वाट पाहत ऊती-परीक्षणाचा अहवाल कपाटात पडून राहतो, असे पुष्कळदा घडते. तपासी अंमलदारांना लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी विचाराव्यात : ऊती-परीक्षणाचा अहवाल आला का, विद्युत निरीक्षकांनी स्टार्टर आणि जोडणी तपासली का, आणि हे अहवाल अंतिम मतासाठी त्याच वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवले का. तिसरी गोष्ट बहुतेकदा राहून जाते.

स्टार्टरची पेटी बदलली नसेल तर निरीक्षणापूर्वी तिला हात लावू देऊ नका.

माळरान

पेटी तशीच आहे. त्या दिवसापासून मोटारच सुरू केलेली नाही. सोमवारी ठाण्यात अर्ज देतो. आजीला आज डाग कोणत्या बोटावर होता ते सांगितले. तिने नुसते ‘उजव्या?’ एवढे विचारले.